वादी गैरहजर

वकिलीची सनद मिळाल्यावर पहिले तीन महिने मी परभणीत नुसती एक खुर्ची शोधत हिंडले. ज्युनिअर म्हणून बसायला जागा हवी होती, बाकी काही नको. ज्या ऑफिसात जाईन तिथे आधी आडनाव विचारायचे, मग वडील काय करतात ते विचारायचे, आणि मग म्हणायचे, "सध्या तरी कोणी नकोय हो." वडील पोखर्णीजवळच्या एका शाळेत मास्तर होते. आडनाव ऐकलं की आमचं घर गावाच्या कुठल्या अंगाला असेल ते समोरच्याला कळायचं. एकाच माणसाने आडनाव विचारलं नाही. "उद्यापासून ये बेटा," एवढंच म्हणाला. त्याच माणसाबद्दल मला इथे लिहायचंय. त्यामुळे हात जड होतो, आणि तो अजूनही जड होतो याचीच मला जास्त किळस येते.

सर तेव्हा साठीला आलेले. दिवाणी कामात त्यांचं जिल्ह्यात नाव होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडात सतत वेलदोडा, आणि आवाज असा की कधी चढायचाच नाही. पक्षकार आला की स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे. खेड्यातली बाई असेल तर आधी पाणी, मग चहा, मग घरच्यांची विचारपूस, आणि मग काम. मला शिकवायचेही मनापासून. एकेक मसुदा तीन-तीनदा लिहून घ्यायचे. "पक्षकाराशी गोड बोलावं बेटा," ते सांगायचे, "निम्मं दुखणं तिथंच उतरतं." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं, खाली रेघ मारून.

मावशी ही त्या ऑफिसची जुनी पक्षकार. पिंगळीच्या पलीकडे तिचं गाव. घरची मेंढरं, चार एकर रान, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक आणि सून मेंढरांमागे असायचे, कोर्टाचं काम तिच्याकडे. तिच्या रानात जायची गाडीवाट शेजाऱ्याच्या बांधाकडेने जायची, सासऱ्याच्या काळापासून. शेजाऱ्याने एके वर्षी त्या वाटेवर काट्या टाकल्या. मावशीने सरांकडून दावा लावला. दावा चालू असेपर्यंत वाट अडवू नये असा मनाई हुकूम कोर्टाने दिला आणि काट्या निघाल्या. साक्षी आणि शेवटचा निकाल अजून व्हायचे होते. हे सगळं मी तिथे जाण्याआधीचं.

मी पाहायची ते असं: तारखेच्या दिवशी मावशी सकाळची पॅसेंजर धरून यायची. आधी ऑफिसात येऊन सरांच्या पाया पडायला वाकायची. सर "अहो, हे काय मावशी," म्हणत मागे सरायचे आणि सांगायचे, "तुम्ही खाली कट्ट्यावर बसा. पुकारा झाला की बोलावतो." ऑफिस कोर्टाच्या आवारातच होतं, आणि कोर्टाच्या इमारतीत जिन्याखाली एक कट्टा होता. मावशी तिथे बसायची. दुपारी भाकरीचं फडकं सोडून खायची, परत बसायची. तीन-साडेतीनला सर मला म्हणायचे, "मावशीला सांग, आज जजसाहेब रजेवर आहेत. पुढची तारीख सतरा दे." कधी साहेब रजेवर, कधी त्या दिवशीच्या कामांचा बोर्ड संपला नाही, कधी शेजाऱ्याच्या वकिलाने मुदत मागितली. मी सरांच्या कार्डाच्या पाठीमागे तारीख लिहायची आणि खाली नेऊन द्यायची. मावशीला वाचता येत नव्हतं. ती ते कार्ड डोळ्यांजवळ नेऊन माझं अक्षर बघायची आणि म्हणायची, "लय बारीक लिहितीस ग लेकी."

आमच्या ऑफिसात सगळ्या कामांच्या तारखा एका मोठ्या डायरीत असायच्या. मावशीची तारीख मात्र मी त्या डायरीत कधी पाहिली नाही. सर तोंडीच सांगायचे. मला वाटायचं, काय स्मरणशक्ती आहे या माणसाची. मूर्खपणाची हद्द असते, पण मी खरंच तसं समजत होते.

मी तिथे आठ महिने काढले असतील तेव्हाची गोष्ट. तारीख नसताना मावशी एक दिवस ऑफिसात आली. घामाघूम, चपला हातात. दारातच म्हणाली, "सायेब, त्यानं वाट नांगरली."

सरांनी तिला बसवलं. पाणी दिलं.

"ट्रॅक्टर घालून सगळी मोडली. म्या आडवी झाले तर मलाच हसायलाय. म्हनतो, तुझी केस कवाच गेली, वकिलाला इचार जा. म्या म्हनलं, माझ्या वकिलाची इज्जत काडू नको. परवाच तारीख घेऊन आले म्हनलं."

सर हसले. "त्याला काय कळतंय मावशी. तो म्हणेल काहीही. आपण कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल त्याच्यावर अर्ज टाकू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, पॅड घे. मावशीचे अंगठे घेऊन ठेव."

अर्ज अजून लिहिलेला नव्हता. चार कोऱ्या कागदांवर मी मावशीचे अंगठे घेतले. पॅड मीच धरलं होतं. तिचा अंगठा इतका रापलेला होता की ठसा नीट उठत नव्हता, म्हणून मी तो वरून दाबला. ती समाधानाने गेली.

अर्ज लिहायला मनाई हुकुमाची तारीख लागणार होती. मी कपाटात फाइल शोधली. चालू कामांच्या कप्प्यात नव्हती. बऱ्याच वेळाने ती निकाली कामांच्या गठ्ठ्यात सापडली. चुकून तिथे गेली असेल असं वाटलं. तरी मोबाइलवर कोर्टाच्या ॲपमध्ये दाव्याचा नंबर टाकून पाहिला. तिथे लिहिलं होतं, निकाली.

मी कोर्टात गेले आणि रोजनामा काढून पाहिला. कोर्टात त्या त्या दिवशी काय घडलं ते ज्यात लिहितात तो कागद. वादी व वादीचे वकील पुकारा करूनही गैरहजर. प्रतिवादी हजर. दावा गैरहजेरीत खारीज. त्या दिवशी साक्षीची तारीख होती. मी ऑफिसात येण्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. दावा गेला तसा मनाई हुकूमही गेला. शेजारी खरं बोलत होता. कागदावर आता त्याला अडवणारं काही उरलेलं नव्हतं. गेले आठ महिने मी ज्या दाव्याच्या तारखा बारीक अक्षरात लिहून देत होते, तो दावा कुठे नव्हताच.

सरांना मी विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत होते. खोटं बोलतील असं वाटलं होतं. बोलले नाहीत.

"हो, गेला तो. मी सत्र न्यायालयात अडकलो होतो. लक्षातून गेलं. होतं कधीकधी."

"मग मावशीला सांगितलं का नाही सर?"

"काय सांगायचं? तिला काय कळणार? उगाच जिवाला घोर लागला असता. तेव्हाच तीस दिवसांत अर्ज टाकून दावा परत उभा करणार होतो. राहून गेलं. आता टाकू. तोपर्यंत तू काही बोलू नकोस. बाई म्हातारी आहे, धसका घेईल."

आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा वेलदोड्याचा वास मला आजही नकोसा होतो. त्या दिवशी मात्र मी "बरं सर" म्हणाले.

बरं सर म्हणून मी थांबले असते तर एक वेळ ठीक. पुढे चार महिने मी तारखा देत राहिले. तीन तारखा. कळल्यानंतरच्या. तेच कार्ड, तेच बारीक अक्षर. सर अर्ज टाकतील, आज टाकतील, पुढच्या आठवड्यात टाकतील असं मी मनाला सांगायची. रविवारी विहारात आईच्या शेजारी बसून खोटं न बोलण्याचं शील घ्यायची, आणि सोमवारी जिन्याखाली जाऊन सांगायची, "मावशी, आज बोर्ड संपला नाही." माझा आवाज हळूहळू सरांसारखा व्हायला लागला होता. मऊ. ते मला जाणवायचं, आवडायचं नाही. पण खुर्ची जाईल ही भीती त्यापेक्षा मोठी होती.

त्या तिसऱ्या तारखेला मावशीने मला कट्ट्यावर बसवून घेतलं. वाट मोडल्यापासून मेंढरं कालव्याच्या कडेकडेने लांबून न्यावी लागत होती. आदल्या आठवड्यात दोन कोकरं कालव्यात पडून वाहून गेली होती. ते सांगताना मध्येच म्हणाली, "माझी साक्ष कवा व्हायची ग? मागं एकदा सायेबानं सांगितलं व्हतं, आज तुझी साक्ष हाय. नागपंचमीच्या आदल्या दिशी. म्या नवं लुगडं नेसून आले. गाडीत सगळं पाठ केलं, वाट कितीक रुंद, बाभळी कुटं, समदं. हितंच बसले. कुनी बोलावलंच न्हाई. सांजच्याला सायेब म्हनले, जज रजेवर हाय."

मी ऑफिसात जाऊन त्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची तारीख आणि रोजनाम्यातली तारीख एकच होती.

म्हणजे वादी गैरहजर असं वर लिहिलं जात होतं, तेव्हा वादी त्याच इमारतीत, त्याच जिन्याखाली, साक्ष पाठ करत बसली होती. तिला तिथे बसवणारा तिचाच वकील होता. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. 

मी सरांना सांगितलं की आता अर्ज टाकला नाही तर मी मावशीला सांगणार. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे," म्हणाले, आणि त्याच दुपारी शपथपत्राचा मजकूर सांगायला बसले. मी टाइप करत गेले. मी अर्जदार वयोवृद्ध असून, कंबरेच्या आजाराने अंथरुणास खिळून होते. त्यामुळे तारखेस हजर राहू शकले नाही. आजारपणामुळे माझ्या वकिलांशी संपर्क साधता आला नाही. त्यामुळे दाव्याच्या निकालाची माहिती वेळेत मिळाली नाही.

माझी बोटं थांबली.

"डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळेल," सर म्हणाले. "आपल्या ओळखीचे आहेत."

"सर, त्या तर त्या दिवशी इथंच होत्या."

"मला माहितीय. मग काय लिहू? वकील विसरले? पक्षकार आजारी पडला की कोर्ट माफ करतं, बेटा. वकील विसरला की हसतं."

त्यांना खरोखर वाटत होतं की ते मावशीचं भलं करताहेत. निदान तसं वाटत असल्यासारखा त्यांचा चेहरा होता. दोन्हींत फरक करणं मला कधी जमलं नाही.

दोन दिवसांनी मावशी आली. शपथपत्रावर अंगठा असेल तर वकिलाने खाली लिहायचं असतं की मजकूर वाचून, समजावून सांगितला, आणि सही करायची असते. सर म्हणाले, "तू कर सही. खाली घेऊन जा, अंगठा घे, कोर्टातल्या अधिकाऱ्यापुढे शपथ करून आण. दहा मिनिटांचं काम." वाचायला त्यांनी सांगितलं नव्हतं. पण सही माझी होती.

मी मावशीला कट्ट्यावर बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. कंबरेच्या आजाराने अंथरुणास खिळून होते, इथे तिने मला थांबवलं.

"कोन आजारी व्हतं?"

"तुम्ही, असं लिहिलंय."

"म्या कवा आजारी व्हते? आन तारकेस हजर राहू शकले न्हाई म्हंजी? म्या कोन्ती तारीख चुकवली?"

मी कागद मांडीवर ठेवला आणि सांगून टाकलं. दावा खारीज झालाय. दोन वर्षं होत आली. साक्षीच्याच दिवशी. सर वर गेले नाहीत, तुम्हाला कोणी बोलावलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या तारखा खोट्या.

ती रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. माझ्या मांडीवरच्या कागदाकडे तिने पाहिलं. मग म्हणाली, "मंग म्या येत व्हते ते कामून?"

मी कागद उलटा ठेवला.

"तुला कवापसून ठाव हाय?"

"चार महिने झाले मावशी."

तिने मान हलवली. अंगठ्याला मी आधीच शाई लावून ठेवली होती, ती तिने भिंतीला पुसली. आणि कट्ट्यावर माझ्यापासून जराशी लांब सरकली. वीतभरच. कोणाला दिसलंही नसतं.

मग ती उठली आणि जिना चढून गेली. मी मागे. सर बार रूमच्या दारात दोन वकिलांशी बोलत उभे होते. तिला पाहून म्हणाले, "मावशी? झाली शपथ? या, बसा. पाणी घ्या."

"पानी नगं," मावशी म्हणाली. "सायेब, म्या त्या दिशी कुटं व्हते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावून तिला बाजूला घ्यायला पाहिलं. ती हलली नाही.

"अंगठा द्या मावशी. दोन महिन्यांत सगळं होतं तसं करतो. माझ्यावर विश्वास नाही का?"

"अंगठा देते. पर म्या आजारी न्हवते. म्या हितंच व्हते, तुमीच बसवलं व्हतं. तसं लिवा."

"तसं लिहिता येत नाही."

"का येत न्हाई?"

  शेजारच्या एका वकिलाने घड्याळात पाहिलं.

"आन ते कोरे कागद वापस द्या माझे," मावशी म्हणाली. "चार हायेत. म्या मोजून दिलते."

ते कागद सरांच्या टेबलाच्या खणात होते. मीच आणून दिले. तिने तिथेच उभं राहून ते फाडले, एकेक कागद, अंगठ्याच्या बरोब्बर मधून, आणि तुकडे पिशवीत घातले. मग ती जिना उतरून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सर मला एवढंच म्हणाले, "मी तुला आडनाव विचारलं नव्हतं."

इतक्या वर्षांत मला कोणी याहून घाण काही बोललेलं नाही. त्या दिवसापर्यंत ज्या गोष्टीसाठी मी त्यांची मनातून पूजा केली, ती त्यांनी वसूल करायच्या उसनवारीसारखी जपून ठेवली होती. मी खुर्चीवरची माझी पिशवी उचलली आणि निघाले.

पुढचे पंधरा दिवस फार वाईट गेले. सरांनी कोणाला काही सांगितलं असेल असं नाही, ते तसे बोलणारे नव्हते. पण बार रूममध्ये सगळ्यांना सगळं कळतं. वयाने मोठे वकील मला बाजूला घेऊन समजवायचे. "चुका सगळ्यांच्या होतात." "पक्षकार आज आहे उद्या नाही, आपल्याला एकमेकांसोबत राहायचंय." एकाने तर विचारलं, "त्या बाईने तुला काय दिलं?" एकानेही विचारलं नाही की त्या बाईची वाट उघडली का. तिथल्या चहाची मला तेव्हापासून शिसारी बसली. आजही मी बाहेरच्या टपरीवर पिते.

मी मावशीच्या गावी गेले. पिंगळीला उतरून विचारत विचारत. ती मेंढरांना पाणी पाजत होती. मी म्हणाले, दावा परत उभा करायचा अर्ज आपण करू, खरं लिहून करू. ती म्हणाली, "तू करशील?" मी म्हणाले, मला करता येणार नाही. मी स्वतःच या गोष्टीची साक्षीदार आहे, साक्षीदाराने वकील म्हणून उभं राहायचं नसतं. पण वकील मी शोधून देते.

"मागल्या बारीला पन चांगलाच वकील व्हता," ती म्हणाली. बोलण्यात चेष्टा नव्हती.

परभणीत कोणी सरांच्या विरोधात वकीलपत्र घेईना. समोर कोणी नाही म्हणत नव्हतं. कोणाला काम होतं, कोणाची तब्येत बरी नव्हती. शेवटी मी एसटीने गंगाखेडला गेले. तिथे एक वकील होते, बोलायला रुक्ष, ऑफिसात धड पंखा नाही. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, "तुम्ही स्वतःचं लिहिणार का?"

"म्हणजे?"

"चार महिने तुम्ही तारखा दिल्या. माहीत असून. ते तुमच्या शपथपत्रात येणार का नुसतं सरांचंच येणार?"

मला वाटलं होतं ते माझं कौतुक करतील. येताना एसटीत मी तसं ठरवूनच आले होते. "येईल," मी म्हणाले.

"मग या सोमवारी बाईला घेऊन."

मावशीच्या शपथपत्रात लिहिलं की त्या दिवशी ती कोर्टाच्या इमारतीत जिन्याखाली बसलेली होती. माझ्या शपथपत्रात मी काय पाहिलं, काय लपवलं आणि किती दिवस लपवलं ते लिहिलं. ते टाइप करताना मला जितकी लाज वाटली तितकी पुढे कधी वाटली नाही. तारखा लिहिलेली कार्डं मावशीने सगळी जपून ठेवली होती. ती जोडली. शेवटची बारा माझ्या अक्षरातली.

अर्जाच्या सुनावणीला सर स्वतः आले. भांडले नाहीत. त्याच मऊ आवाजात म्हणाले, कामाच्या व्यापात नजरचूक झाली, अर्जदार माझ्या आईसारखी आहे, अर्ज मंजूर व्हावा.  शेजाऱ्याच्या वकिलाने दोन वर्षांच्या उशिरावर बोट ठेवून विरोध केला. न्यायाधीशांनी ती कार्डं एकेक करून पाहिली. मग मावशीला पुढे बोलावून विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"हितंच, जिन्याखाली," ती म्हणाली. "दिसभर."

उशीर माफ झाला, दावा परत उभा राहिला. मनाई हुकूम मात्र नव्याने मागावा लागला. तोवर शेजाऱ्याने त्या वाटेवर ऊस लावला होता. ऊस निघेपर्यंत थांबा, असं कोर्टाने सांगितलं. त्यात पुन्हा एक हंगाम गेला. मावशीने त्या काळात निम्मी मेंढरं विकली, कालव्याकडेचा फेरा तिच्याने होईना. शेवटी साक्ष झाली. मी मागच्या बाकावर बसून ऐकली. वाट किती रुंद, बाभळी कुठे, सगळं तिला पाठ होतं. दावा ती जिंकली. शेजारी अपिलात गेलाय, पण वाट आज उघडी आहे.

मावशी माझ्याशी वाईट वागली नाही. कोर्टात भेटली की "बरं हाय का वकीलीनबाई" म्हणते. लेकी म्हणत नाही. मीही ते मागितलं नाही.

सरांविरुद्ध तक्रार करावी का, असं गंगाखेडच्या वकिलांनी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, मला वाट पायजे व्हती, त्याचं घेऊन काय करू. तिचा तो हक्क होता. मी माझ्या नावाने तक्रार करू शकले असते. केली नाही. कारणं बरीच सांगता येतील, पण खरं एवढंच की पुन्हा सगळ्या बार रूमच्या नजरा झेलायची माझी तयारी नव्हती. सर अजून प्रॅक्टिस करतात. बाहेरगावाहून आलेल्या बायांना अजून खुर्ची पुढे करतात. दिसले की मी जिन्याच्या दुसऱ्या अंगाने जाते.

मागच्या वर्षी माझ्या हातून एक तारीख चुकली. पाथरीच्या एका टेलरच्या घराचा दावा. मी डायरीत तारीख चुकीच्या पानावर लिहिली होती आणि त्या दिवशी गंगाखेडच्या कोर्टात होते. परत येऊन पाहते तर समोरच्याची उलटतपासणी न होताच साक्ष बंद केल्याचा हुकूम झालेला. तो टेलर दुकान सोडून यायला नको म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, मी आहे, तुम्ही येऊ नका.

फोन हातात घेऊन मी बसले. आणि काय भयंकर आहे, वाक्य तोंडात तयारच होतं. कोर्टाने मुदत दिली, पुढच्या महिन्यात बघू. किती सोपं वाक्य. तो "बरं मॅडम" म्हणाला असता आणि मशिनीवर परत बसला असता. मी दोन-तीन दिवसांत गुपचूप अर्ज टाकून हुकूम फिरवूनही घेतला असता.  म्हणजे हे असं सुरू होतं, एवढं मला त्या खुर्चीत बसून कळलं. म्हणून सरांबद्दलचा राग कमी झाला असं नाही. स्वतःबद्दलची किळस तेवढी वाढली.

मी फोन लावला. चूक माझी आहे, असं झालंय, यावर अर्ज करावा लागेल, असं सांगितलं.

पलीकडे मशिनीचा आवाज थांबला. "मॅडम, तुमाला झेपत नसंल तर तसं सांगायचं ना," तो म्हणाला. "माझं घर हाय ते." मग आणखी बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. त्याला अडवावं असं त्यात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो येऊन फाइल घेऊन गेला. नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर मी ना-हरकत लिहून सही केली. हुकूम पुढे फिरला, असं नंतर कळलं.